चित्रकलेचे दोन तास दहावीलाही राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या आहेत. नव्या वर्षाची वेळापत्रकं सध्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहेत, काही शाळांत ती भिंतीवरही लागली असतील. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहिते आहे, कारण ऑगस्टमध्ये लिहून त्याचा काही उपयोग होणार नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कूलमध्ये मी चित्रकला शिकवत होते. मी निवृत्त झाले आणि माझी जागा भरली गेली नाही. आठवड्यातून दोन दिवस मी अजूनही शाळेत जाते. मुलं बोलावतात, आणि मुख्याध्यापकांनी चित्रकलेच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच राहू दिली आहे.

माझी विनंती अशी : नववी आणि दहावीचे चित्रकलेचे आठवड्यातले दोन तास कापू नका, आणि त्या तासांत पेन्सिलीबरोबर कॅमेराही मुलांच्या हाती द्या.

हे तास का जातात ते शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकाची दहावीची परीक्षा, ६२५ गुणांची. पहिली भाषा १२५, बाकीचे पाच विषय शंभर-शंभर. यात चित्रकलेला एकही गुण नाही. त्यामुळे दहावीचे विशेष वर्ग सुरू झाले की पहिला जातो तो चित्रकलेचा तास, त्याच्या पाठोपाठ खेळाचा. दिवाळीनंतर दहावीची मुलं चित्रकलेच्या खोलीकडे फिरकतसुद्धा नाहीत. गणिताच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकांना मी यात दोष देत नाही. क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीत निकालाची टक्केवारी विचारली जाते, किती मुलांनी वर्षभरात काय रेखाटलं हे कुणी विचारत नाही.

सीमेवर हा प्रश्न आणखी टोचतो. बाची आपल्याकडे कर्नाटकात, शिनोळी पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. मधे चालत जाण्याइतकं अंतर. शिनोळीकडच्या मुलीने महाराष्ट्राच्या कला संचालनालयाची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा अ श्रेणीत दिली तर तिला दहावीला ७ वाढीव गुण मिळतात. आपल्याकडेही कर्नाटकाच्या लोअर आणि हायर या ड्रॉइंगच्या परीक्षा आहेत, मुलं मेहनतीने त्यांना बसतात, पण ते गुण ६२५मध्ये कुठे धरले जात नाहीत. हा अन्याय दूर झाला तर मला आनंदच होईल. तरीही माझं मागणं गुणांसाठी नाही. गुण आले की मुलं नमुन्याच्या पुस्तकातली तीच सुरई, तीच केळी आणि तोच तांब्या पाठ करून काढायला लागतात, आणि समोर ठेवलेला तांब्या कुणी बघतच नाही, असंही मी पाहिलं आहे.

मुलांनी बघायला शिकावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

शाळांच्या प्रतिभा कारंजी स्पर्धेला येणारी चित्रं आठवा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, बाजूला नारळाचं झाड. काढणारा मुलगा राहतो कौलारू घरात. त्याच्या दारातून दिसणारा डोंगर त्रिकोणी नाही, लांबलचक आहे, सपाट माथ्याचा आहे, आणि जुलैत तर दिवसेंदिवस दिसतच नाही. दारात फणस आहे. गोठ्यावर पत्रा आहे, त्या पत्र्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेले दगड आहेत. यातलं काहीच चित्रात येत नाही. चित्रात यायला ते योग्य आहे असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. माझ्या मते चित्रकलेच्या शिक्षकाचं पहिलं काम तेच आहे. तुझा फणस, तुझा पत्रा, तुझी म्हैस हे सगळं कागदावर घेण्याजोगं आहे, हे त्याला पटवायचं.

कॅमेऱ्याची मला यात मदत झाली, आणि ती कशी झाली ते सविस्तर सांगते, कारण दुसऱ्या शाळांना ते करता यावं अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात कॅमेऱ्याशिवायच केली. चित्रकलेच्या खोलीच्या खिडक्यांना आतून पुठ्ठा आणि काळा कागद लावला, फटींना चिकटपट्टी. कौलांमधून येणारा उजेड बुजवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, मोठी मुलं बाकांवर बाक ठेवून वर चढली होती. मैदानाकडच्या खिडकीच्या पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक पाडलं आणि दार लावून घेतलं. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात, तोवर खिदळणं चाललं होतं. मग एकदम सगळी गप्प झाली. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मैदान उमटलं होतं, रंगांसकट, हालचालीसकट आणि उलटं. आभाळ खाली, ध्वजस्तंभाचं टोक जमिनीकडे, आणि रस्त्याने जाणारी माणसं छताला पाय लावून चाललेली. “टीचर, लोकं उलटी चालल्यात की ओ!” असं एकजण ओरडला आणि मग कुणालाच आवरेना.

तिथून पुढचं मुलांनीच शोधलं. भोक लहान केलं की चित्र रेखीव होतं पण अंधूक पडतं, मोठं केलं की उजळतं पण कडा पुसट होतात. वेगवेगळ्या मापाच्या भोकांचे पुठ्ठ्याचे तुकडे बदलून त्यांनी हे पाहिलं. ज्यांना पुढे कॅमेऱ्यातलं भिंग आणि त्यामागची झडप समजायला हवी, त्यांचा अर्धा अभ्यास तिथेच झाला. विज्ञानाचे सर दुसऱ्या दिवशी दहावीचा वर्ग घेऊन त्याच खोलीत आले. डोळ्याच्या पडद्यावर उलटी प्रतिमा पडते हा धडा पुस्तकात आकृतीने येतो, इथे मुलं डोळ्याच्या आतच उभी होती. चित्रकलेच्या तासाने विज्ञानाचा तास खाल्ला असं त्या दिवसानंतर आमच्या शाळेत कुणी म्हटलेलं नाही.

नंतर प्रत्येक गटाने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा सुईभोकाचा कॅमेरा केला. डब्याच्या तळाला मोठं छिद्र पाडायचं आणि त्यावर शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा चिकटवून त्याला सुईने भोक पाडायचं. पंधरा सेंटीमीटर खोलीच्या डब्याला साधारण अर्ध्या मिलिमीटरचं भोक चांगलं चालतं, त्याच्या कडा बारीक पॉलिश कागदाने घासून घ्याव्या लागतात. तोंडाला बटर पेपर ताणून बांधायचा. भोक उजेडाच्या बाजूला धरायचं आणि डोक्यावर चादर घेऊन कागदावर बघायचं. यात फोटो साठत नाही, नुसता दिसतो. पण जे दिसतं त्यावर पेन्सिल फिरवून मुलांनी घराची, मारुतीच्या देवळाची, हापशाची रेखाटनं केली. डोंगर त्रिकोणी नाही हे त्यांना तिथे कळलं. मी सांगून कळलं नव्हतं.

मग फोन. फोनची चर्चा आपण नेहमी बिघडण्याच्या बाजूने करतो, आणि ती भीती खोटी नाही. पण आमच्या गावांतली खरी परिस्थिती अशी आहे की घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर सकाळच्या बसने उद्यमबागला कामावर जातो. मुलाच्या हाती तो रात्री जेवणानंतर येतो. मुलीच्या हाती बहुधा येतच नाही. म्हणजे घरच्या फोनवर प्रकल्प दिला तर तो मुलांचाच प्रकल्प होतो, मुलींचा राहत नाही. म्हणून शाळेचे फोन हवेत. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले काही जुने फोन आम्ही सिमकार्ड काढून, बाकीची अॅप्स उडवून फक्त कॅमेऱ्यासाठी ठेवले आहेत. घरी न्यायचा तर रजिस्टरमध्ये सही करून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा.

आठवड्याला एकाने तीनच फोटो काढायचे, असा नियम केला. शंभर काढून त्यातला एक निवडायला मी मुलांना शिकवत नाही. आधी वहीत पेन्सिलीने चौकट आखायची. त्या चौकटीत काय येणार, उजेड कुठून आहे, मागे काय दिसेल, हे रेखाटून मग फोन उचलायचा. फोटो आला की त्याच पानावर लिहायचं : ठरवलं होतं ते आलं का, नाही आलं तर काय झालं. या वह्या मी अजून जपल्या आहेत. एका मुलाने लिहिलं होतं, “आई भाकरी थापताना काढायची होती. धुरामुळे आई आली नाही, धूर चांगला आला.”

दुसरा नियम माणसांबद्दलचा, आणि त्यात मी कुणालाही सूट देत नाही. विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा काढायचा नाही. काढला तर त्या माणसाला तिथल्या तिथे दाखवायचा. नको म्हटलं तर त्याच्यासमोर पुसायचा. मैत्रिणीचा फोटो कुणाच्याही स्टेटसला जाणार नाही. सुरुवातीला एक आई शाळेत आल्या आणि आमच्या मुलीला यातून वगळा म्हणाल्या. त्यांची काळजी योग्य होती. आम्ही ठरवलं की त्यांची मुलगी माणसांचे फोटो काढणार नाही आणि तिचाही कुणी काढणार नाही. तिने वर्षभर घरातल्या वस्तू काढल्या : उखळ, रोवळी, दाराची कडी, वापरून एका बाजूने झिजलेला पाटा. त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं काम माझ्या मते तिचं होतं.

आणखी एक गोष्ट पालकांनी वाचावी म्हणून लिहिते. बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय आधीपासून चालूच असते. मुलींना ती चालू आहे हे माहीतही नसतं. फोनमध्ये दिसतो तोच आपला बरा चेहरा आणि आरशातला वाईट, असं त्या मनात घेतात. मी ती सोय बंद करायला लावली आणि दारातल्या उजेडाचा धडा दिला. आपल्याकडच्या जुन्या घरांत हा धडा फार सोपा आहे. माणसाला सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, उंबऱ्याशी बसवायचं, तोंड बाहेर उजेडाकडे, पाठ आतल्या माजघराकडे. माजघर अंधारं असतं, त्यामुळे मागचं सगळं काळोखात जातं आणि चेहऱ्यावर एका बाजूने मऊ उजेड येतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावायचं आणि उजेड थोडा खाली ओढायचा. सावळ्या चेहऱ्याचे रंग किती असतात, गालावर एक, कपाळावर एक, मानेखाली एक, हे मुलांनी आधी फोटोत पाहिलं आणि मग रंगपेटीत शोधलं. त्याआधी चेहरा म्हटलं की सगळ्यांच्या चित्रात एकच तयार गुलाबी रंग असायचा.

याच दारातल्या उजेडातून आमचा सगळ्यात मोठा प्रकल्प झाला. मुलांना घरातले जुने फोटो बघून यायला सांगितलं होतं. भिंतीवर कोण आहे, कधीचा आहे, कुणी काढला, हे विचारून लिहायचं. वह्या वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आजोबांचे फोटो वेगवेगळे होते : लष्करातले, जत्रेतले, लग्नातले, कुस्तीच्या आखाड्यातले. आजीचा एकटीचा फोटो बहुतेक घरांत एकच, तोही आधारकार्डाचा किंवा रेशनकार्डाचा. आजी गेली की तोच चौकोन मोठा करून, मागे निळं आभाळ घालून, हार घालून भिंतीवर लावतात. आयुष्यभर शेणकूट, रोप लावणी, धुणं-भांडी केलेल्या बाईचा तिच्या घरात, तिच्या जागी बसलेला एकही फोटो नसतो.

मग नववीच्या वर्गाने आपापल्या आजीचे फोटो काढले. ज्यांना आजी नव्हती त्यांनी शेजारची आजी घेतली. बसायची जागा आजीने ठरवायची, लुगडं आजीने निवडायचं, हसायचं की नाही तेही तिनेच. एका आजीने गोठ्यात म्हशीच्या मानेवर हात ठेवूनच फोटो काढू दिला, नाहीतर नको म्हणाली. फोटो काढण्याआधी प्रत्येकाने तिच्या हातांचं पेन्सिलीने चित्र काढायचं, हा माझा हट्ट होता. तासभर कुणाचे हात बघत बसल्यावर त्या माणसाचा फोटो वेगळा निघतो. हातांचं चित्र काढताना आज्या बोलतात, माहेरचं सांगतात. एका मुलीला तिची आजी कणकुंबीहून लग्न होऊन आली आणि येताना चालत आली, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

४ बाय ६ इंचाचे प्रिंट खानापुरातल्या स्टुडिओतून काढून आणले. प्रदर्शन शाळेत भरवलं नाही, गावातल्या रवळनाथाच्या सभामंडपात भरवलं, सुतळीला कपड्यांचे चिमटे लावून. शाळेत आज्या आल्या नसत्या, देवळात रोज येतातच. खाली मुलांनी स्वतःच्या अक्षरात दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. कामावरून उशिरा येणाऱ्या माणसांसाठी पुजाऱ्यांनी रात्री दिवे लावून ठेवले. त्यानंतर आमच्याकडे कुणी पालकाने “चित्रकलेत काय ठेवलंय” असं विचारलं नाही. प्रिंट आम्ही त्या त्या घरी देऊन टाकले. शाळेच्या कपाटात राहण्यापेक्षा ते तिथे असणं बरं.

पावसाळा गेल्यावर करण्याजोगं आणखी एक काम आहे, सायनोटाइप, म्हणजे निळा छाप. १८४२मध्ये जॉन हर्शेल यांनी ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी अॅना अॅटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळांचे असे छाप काढून त्यांचा संग्रह केला, तो छायाचित्रांचा पहिला ग्रंथ मानला जातो. त्याला कॅमेरा लागत नाही, भिंग लागत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं. वापरताना दोन्ही सारखं घेऊन मिसळायचं, मंद उजेडाच्या खोलीत जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने लावायचं आणि अंधारात वाळवायचं. त्यावर पान ठेवून काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या आपल्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. नंतर साध्या पाण्यात धुतलं की न उजळलेलं रसायन निघून जातं आणि पानाची पांढरी आकृती निळ्यावर राहते. कागद वाळला की निळा आणखी गडद होतो. हातात मोजे घालावेत, फेरीसायनाइड आम्लाजवळ किंवा आगीजवळ अजिबात नेऊ नये, आणि सगळं विज्ञानाच्या शिक्षकांसमोर करावं. आमच्या मुलांनी करवंद, कुंभा, नेचे आणि नाचण्याची कणसं घेतली होती. नेच्याच्या पानामागचे बारीक ठिपके छापात आले तेव्हा मुलं ते घेऊन जीवशास्त्राच्या पुस्तकाकडे पळाली.

छायाचित्रण म्हणजे आत्ताचं फॅड, शाळेत कशाला, असं एका बैठकीत मला ऐकावं लागलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग १८५५मध्ये सुरू झाला होता. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अगदी पहिला हंगाम, १८७४चा जानेवारी ते मे, जेम्स बर्जेस यांनी बेळगाव आणि कलादगी या जिल्ह्यांतच घालवला, आणि तो अहवाल छायाचित्रांसह छापला गेला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कॅमेरा घेऊन बाहेरचे लोक आपल्या जिल्ह्यातली देवळं बघत हिंडले. आपल्या मुलांनी ती अजून नीट बघितलेली नाहीत. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ खानापुरापासून जवळ आहे. समोरासमोर तोंड केलेले दोन गाभारे आहेत त्यात. देगावचं कमलनारायण मंदिर आहे. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ची कमल बस्ती आहे, तिच्या छतातलं दगडी कमळ बघायला मान वर करून उभं राहावं लागतं. सहल इथे न्यावी. म्हैसूर-उटी होत राहील.

सहलीत मुलांना एक प्रयोग जरूर करू द्या. एकच कोरीव खांब सकाळी तिरप्या उन्हात, भर दुपारी आणि फ्लॅश लावून असा तीनदा काढायचा. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून येतं, दुपारी सपाट पडतं, फ्लॅशने तर खांब आहे की चित्र लावलंय असं वाटतं. मग फोन पिशवीत ठेवायचा आणि तोच खांब बसून काढायचा. फोटोत न दिसलेल्या गोष्टी, कुठे हात लागून दगड गुळगुळीत झालाय, कुठे कोरणाराने नक्षी अर्धवट सोडलीय, त्या पेन्सिलीला सापडतात. या दोन कामांत भांडण नाही, दोन्ही हवीत.

बेळगावला हे शिकवायची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी इथल्या चित्र मंदिरात बसून शिकवलं. चित्रकार रवी परांजपे १९३५चे, जन्माने बेळगावचे, त्यांनी सुरुवातीचे धडे सरांकडेच घेतले. सरांच्या नावाचं दालन टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात आहे आणि तिथे चांगली प्रदर्शनं होतात. पण जांबोटीच्या पुढची मुलगी तिथे कधी पोचणार? तिच्यासाठी चित्रकला म्हणजे तिच्या शाळेतला तो तास. तो गेला की सगळं गेलं.

आणि मुलांकडे हात नाहीत असंही नाही. दिवाळीला किल्ले बघा. बुरूज कसा वळवायचा, तटबंदीला माती किती ओली घ्यायची, मोहरी कुठे पेरली की झाडी दिसेल, हे सहावी-सातवीच्या पोरांना कुणी शिकवलेलं नसतं. वर्षाच्या शेवटच्या रात्री जाळायचा ओल्डमन ती पोरं बांबू, गवत आणि जुन्या शर्टातून उभा करतात, उंची आणि वजन दोन्ही सांभाळून. शिवजयंतीच्या चित्ररथावर तासन् तास न हलता उभी राहतात. हीच पोरं शाळेच्या प्रगतिपत्रकात चित्रकलेत मागे असतात. माझ्या वर्गातला एक मुलगा वहीत सरळ रेघ मारू शकत नव्हता, पण त्याचा राजहंसगड बघायला शेजारच्या गल्लीतली माणसं आली होती. त्यानंतर मी त्याला माती दिली, कागद मागितला नाही.

पालक विचारतात, पुढे याचं काय? माझे काही विद्यार्थी कोल्हापूरला कलानिकेतनला गेले, काही धारवाडला. बरेच जण गावातच आहेत. लग्नाचे फोटो काढतात, मंडप सजवतात, गणपती करतात, फ्लेक्स करतात. पोट भरतात. ज्यांनी यातलं काहीच केलं नाही आणि कारखान्यात लागले, त्यांचेही मला फोन येतात, एखादा फोटो पाठवतात, “टीचर, उजेड बघा” म्हणून. त्यांचे ते दोन तास वाया गेले असं मला वाटत नाही.

आता ज्यांच्या हाती आहे त्यांना सांगते. मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी वेळापत्रकात हे दोन तास सलग ठेवावेत. सुट्या पस्तीस-चाळीस मिनिटांत रंग कालवून होईपर्यंत घंटा होते. दहावीचे विशेष वर्ग लावायचे असतील तर शाळा भरण्याआधी लावा, या तासांवर हात घालू नका. शिक्षण खात्याने रिकाम्या जागा भराव्यात. ते होईपर्यंत जवळजवळच्या दोन शाळांना मिळून एक चित्रकला शिक्षक द्यावा. आमच्या गावात मराठी हायस्कूलच्या शेजारी कन्नड हायस्कूल आहे, तिथलीही जागा रिकामी आहे, आणि तिथली मुलं अंधाऱ्या खोलीच्या दिवशी खिडकीबाहेर रांगेत उभी होती. मी त्यांनाही आत घेतलं. तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे असं एका माणसाला सहज करता येईल.

माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे सध्या गावोगाव होतात. शाळेला ध्वनिक्षेपक, कपाट, घड्याळ देतात, चांगलं करतात. या वर्षी कॅमेरा शाबूत असलेले तुमचे जुने फोन द्या, आणि ड्रॉइंग पेपरची एक-दोन रिमं द्या. मुलं पेपर मागायला लाजतात, पाठकोरे कागद आणतात.

संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणं आहे. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा शाळेतल्या मुलांनी काढलेल्या फोटो-चित्रांना अर्धं पान द्यावं. खाली गावाचं नाव, इयत्ता आणि मुलाने स्वतः लिहिलेल्या दोन ओळी असाव्यात. आपला पेपर ज्या देवळाच्या कट्ट्यावर वाचला जातो, त्याच कट्ट्याचा त्या गावातल्या पोराने काढलेला फोटो त्यात आला, तर पुढच्या वर्षी त्या शाळेत चित्रकलेचा तास कुणी कापणार नाही असं मला वाटतं.

ज्या शाळांना अंधारी खोली किंवा निळा छाप करून बघायचा आहे त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. माझा पत्ता आपल्याकडे दिला आहे. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यात कुठेही असेल तर मी येईन, मानधन नको. शाळेने काळे कागद, पुठ्ठे, चिकटपट्टी आणि एक पांढरी भिंत तयार ठेवावी, आणि मुलींना पुढच्या बाकांवर बसवावं.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव